हेल्मेटमधला वारा आणि तुमचे कान

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हेल्मेट घ्यायला येणारे बरेच ग्राहक विचारतात, "सगळ्यात शांत हेल्मेट कोणतं?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर हेल्मेटांच्या फळीवर सापडत नाही. हमरस्त्याच्या वेगाला एकट्याच्या बळावर कान वाचवील असं हेल्मेट आमच्याकडे नाही, आणि आमच्या माहितीत दुसरीकडेही नाही. कान वाचवतात ते कानात बसणारे इअरप्लग. चांगलं बसणारं हेल्मेट आणि योग्य उंचीची विंडशील्ड यांनी आवाज कमी होतो आणि प्रवास सुखाचा होतो. तेही करावंच, पण आधी कान, मग हेल्मेट. हे पत्रकही त्याच क्रमानं लिहिलं आहे.

आवाज नेमका कशाचा?

शहरात हळू चालवताना कानावर येतो तो इंजिनाचा आणि रहदारीचा आवाज. ताशी ६०-७० किलोमीटरच्या पुढे गेलात की वारा या सगळ्यांवर मात करतो. सायलेन्सर कितीही मऊ असो, त्यानंतर फारसा फरक पडत नाही. हेल्मेटच्या कडांवरून, हनुवटीच्या खालून आणि काचेच्या फटींतून जाताना हवेचे भोवरे होतात, आणि हे भोवरे हाच तो आवाज. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तसंच खालून उघडं असलेलं हेल्मेट मानेजवळच्या वाऱ्यानं घुमतं.

आवाज वेगाबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, फार झपाट्यानं वाढतो. वेग दुप्पट झाला तर आवाजात साधारण १५ ते १८ डेसिबलची भर पडते. १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत, कानापाशी, ९५ ते १०० डेसिबल आवाज असणं अगदी सामान्य आहे. ११०-१२० ला तो १०० च्या वर जातो. वेग म्हणजे इथे हवेतून जाण्याचा वेग, एवढं ध्यानात ठेवा. स्पीडोमीटरवर ८० दिसत असेल आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा येत असेल, तर कानाच्या हिशेबानं तुम्ही १०० नं चालला आहात.

किती वेळ चालतं?

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायोश ही सरकारी संस्था आहे. तिनं १९९८ मध्ये दिलेली शिफारस अशी, की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. ३ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्या वाढीत ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. या हिशेबानं ९१ डेसिबलला दोन तास मिळतात आणि ९४ ला एक तास. ९७ ला अर्धा तास. १०० डेसिबलला फक्त पाव तास. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर उघड्या कानांनी पहिल्या चहाच्या थांब्यापर्यंत पोहोचण्याआधीच दिवसभराचा वाटा संपलेला असतो.

आतल्या कानात शंखासारख्या वेटोळ्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीची कंपनं विजेच्या संदेशात बदलून मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. जोरदार आवाजानं त्या थकतात. तुम्ही उतरल्यावर कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, समोरच्याचं बोलणं दुरून आल्यासारखं येतं, आत बारीक गुंईऽ असा सूर चालू राहतो, ती हीच थकवा आल्याची खूण. बहुतेक वेळा काही तासांत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत हे ओसरतं, आणि माणूस विसरून जातो. पण वारंवार असं होत राहिलं तर पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, शस्त्रक्रियाही नाही.

हे नुकसान दुखत नाही, म्हणूनच ते फार उशिरा कळतं. आधी जातात ते ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातले, विशेषतः ४ हजारांच्या आसपासचे उंच स्वर. बोलण्यातला 'स', 'श', 'फ' यांचा आवाज तिथेच असतो. त्यामुळे माणसाला आवाज येतो, पण शब्द नीट लागत नाहीत. 'साठ' म्हटलं की 'आठ' वाटतं. लहान मुलं काय म्हणतात ते कळत नाही, आणि चार माणसं एकदम बोलू लागली की सगळाच गोंधळ. कानातला गुंईऽ सूर काहींच्या बाबतीत कायमचा मुक्काम करतो. रोज लांबचा प्रवास करणाऱ्या आमच्या ग्राहकांवर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्रक आहे.

इअरप्लग: कोणते घ्यावेत?

सर्वांत साधे म्हणजे फोमचे, बोटांत वळून कानात घालायचे. नीट बसले तर सर्वांत जास्त आवाज हेच अडवतात, आणि वाऱ्याचा जो खालच्या पट्टीतला घुमारा असतो त्यावरही हेच चांगले चालतात. दुसरे मऊ रबराचे, आत फिल्टर असलेले. हे आवाज थोडा कमी अडवतात, पण बोलणं जास्त मोकळं ऐकू येतं, धुऊन पुन्हा वापरता येतात आणि घालायला सोपे. शहरात फिरून मग हमरस्त्याला लागणाऱ्यांना हे आवडतात. तिसरे कानाचा साचा घेऊन बनवलेले. रोज तासन्‌तास चालवणाऱ्यांना किंवा फोमनं कान दुखणाऱ्यांना आम्ही ते सुचवतो, एरवी नाही. पहिल्यांदाच घेत असाल तर फोमच घ्या, आणि दोन-तीन मापं घालून पाहा. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी असते, एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या कानातही फरक असू शकतो.

पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर अशा नावानं एक आकडा असतो; प्लग किती डेसिबल आवाज अडवतो ते तो सांगतो. पहिली पद्धत अमेरिकी, दुसरी युरोपीय. एकाच प्लगचा एसएनआर हा एनआरआरपेक्षा बहुधा काही अंकांनी जास्त दिसतो, म्हणून या दोन आकड्यांची आपसात तुलना करू नका. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले, नीट बसवलेल्या प्लगचे. प्रत्यक्षात घाईनं खुपसलेला ३३ आकड्याचा प्लग १० डेसिबलही अडवत नाही. त्यामुळे आकड्यापेक्षा बसवण्याकडे जास्त लक्ष द्या.

कसे बसवावेत?

हात धुऊन घ्या. फोमचा प्लग बोटांच्या टोकांत वळत वळत शक्य तितका बारीक करा. नुसता दाबून चपटा करू नका. त्यावर सुरकुती राहिली की तिथूनच आवाज आत शिरतो. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा. त्यानं कानाची वाकडी नळी सरळ होते. ही एक पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग "मला प्लग बसतच नाहीत" म्हणतात. वळलेला प्लग लगेच आत सरकवा आणि बोटानं तसाच धरून ठेवा. तो फुगून नळी भरेपर्यंत ३० सेकंद ते एक मिनिट लागतं. थंडीत फोम हळू फुगतो, तेव्हा जरा जास्त थांबा.

नीट बसला का, हे पाहायची सोपी रीत आहे. आवाज चालू असलेल्या ठिकाणी उभे राहून दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरा आणि काढा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बरोबर बसले आहेत. तळवे ठेवल्यावर आवाज चांगलाच दबला, तर काढून पुन्हा घाला. स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटणं ही बरोबर बसल्याची खूण आहे, घाबरू नका.

प्लग बाहेर डोकावत असेल तर हेल्मेट घालताना अस्तर त्याला घासून ढिला करतं. अशा वेळी लहान माप घ्या. काढताना झटका देऊ नका. प्लग हळूच पिळत, आत हवा शिरू देत बाहेर काढा. घट्ट बसलेला प्लग एकदम ओढला तर कानाच्या पडद्यावर ताण येतो. फोम मळला, कडक झाला किंवा वळल्यावर पुन्हा फुगेनासा झाला की टाकून द्या. आणि डबी किल्लीलाच अडकवा. घरी कपाटात ठेवलेले प्लग रस्त्यावर उपयोगाचे नाहीत.

"मग हॉर्न ऐकू येईल का?"

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि विचारायलाच हवा. वेगात असताना हॉर्न ऐकू येत नाही तो वाऱ्यामुळे. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे त्या दोघांतलं अंतर तसंच राहतं. उलट प्रचंड आवाजात कान स्वतःच बधिर झालेला असतो, तो भार उतरल्यावर बऱ्याच चालकांना हॉर्न, सायरन आणि इंजिनातली खरखर जास्त सुटी ऐकू येते. तीन-चार तासांनंतरचा थकवाही कमी जाणवतो. मात्र ज्यांना आधीपासूनच कमी ऐकू येतं त्यांना हे असंच लागू पडेल असं नाही. त्यांनी कानाच्या डॉक्टरांना विचारूनच प्लग निवडावा. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल त्यांनी तर काहीच घालू नये.

काही ठिकाणी चालवताना दोन्ही कानांत काही घालण्यावर कायद्याचे निर्बंध असतात. ते बहुधा इअरफोनबद्दल असतात, पण तुम्ही जिथे चालवता तिथला नियम एकदा पाहून घ्या.

गाणी ऐकायचे इअरबड म्हणजे इअरप्लग नव्हेत. वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबल असताना त्यावर गाणं ऐकू येण्यासाठी ते त्याहून मोठं करावं लागतं, आणि कानात जातात दोन्ही. हेल्मेटमधल्या इंटरकॉमच्या स्पीकरचंही तेच. आमचा सल्ला असा, की आधी प्लग घाला, मग स्पीकर कानाच्या भोकासमोर बरोबर येईल असा सरकवा. वारा दबल्यामुळे बोलणं स्वच्छ लागतं, आवाज वाढवावा लागत नाही.

आता हेल्मेट आणि वारा

हेल्मेटची सुरक्षा तपासतात ती धक्क्यासाठी, आवाजासाठी नाही. त्यामुळे मानांकनाचा शिक्का असलेलं महागातलं हेल्मेट शांतच असेल असं समजू नका. आतला जाड थर्मोकोल डोक्याचा धक्का झेलायला असतो. वाऱ्याचा घुमारा तो फारसा अडवत नाही. आवाज कमी व्हावा म्हणून तो थर कोरणं, त्यात काही खुपसणं हे कधीही करू नका.

मापाला मात्र खूप महत्त्व आहे. हेल्मेट डोक्यावर फिरत असेल, गाल आणि पॅड यांत बोट सहज जात असेल, तर खालून वारा शिरणारच. गालांचे पॅड वापरून चपटे होतात आणि बऱ्याच हेल्मेटांचे बदलून मिळतात. जुनं हेल्मेट "पूर्वीपेक्षा आवाज करतं" त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. हनुवटीखालचा पडदा लावा, मानेभोवती कापडी गळपट्टी घ्या. या दोन स्वस्त गोष्टींनी खालचा घुमारा बराच उतरतो.

बारीक शीळ येत असेल तर ती बहुधा एखाद्या फटीतून येते. साधी कागदी मास्किंग टेप घेऊन एकेक झडप, काचेची एकेक कड झाकून बघा. शीळ थांबली की जागा सापडली. काचेचं रबर कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन तेलाचा हलका हात द्या. टेपचा चिकटा काढायला पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटचं कवच त्यानं कमकुवत होतं. कॅमेऱ्याचा माउंट, उन्हाची टोपी, फडफडणारं पट्ट्याचं टोक हीही नेहमीची कारणं.

विंडशील्डबद्दल एक उलटं वाटणारं सांगतो. उंच काच म्हणजे कमी आवाज, असं नेहमी नसतं. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली भोवऱ्यांची हवा बरोबर हेल्मेटवर आदळली, तर काच नसलेल्या गाडीपेक्षाही जास्त भणभण होते. मोकळ्या, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर एकसारख्या वेगात असताना सीटवरून थोडं वर उचलून पाहा, मग थोडं खाली वाकून पाहा. वर गेल्यावर आवाज स्वच्छ आणि कमी झाला तर काच खाली घ्या किंवा लहान बसवा. वाकल्यावर कमी झाला तर ती उंच हवी किंवा तिच्यावर जोडपट्टी हवी. काचेच्या खालच्या बाजूनं थोडी हवा येऊ दिली तरी मागची ओढ कमी होऊन भोवरे शांत होतात.

आणि वेग. १०० वरून ८० वर आलात तर साधारण ५ डेसिबल कमी होतात, म्हणजे कानावर पडणारी ऊर्जा एक-तृतीयांशच्या आसपास उरते. इतकं काम कुठलीच काच करत नाही.

मागे बसणाऱ्याला विसरू नका. तो बहुधा उंचावर बसतो, पुढच्याच्या खांद्यांवरून सुटलेली खवळलेली हवा त्याच्याच हेल्मेटवर येते. प्लगांची दुसरी जोडी त्याच्यासाठी.

प्लग बसवायला जमत नसेल तर आमच्याकडे या, समोर बसून दाखवतो. हेल्मेट तपासायला आणताना नेहमीचं जॅकेटही घालून या. कॉलर उंच असेल तर हेल्मेटखालची हवा बदलते, आणि जॅकेटशिवाय बसवलेला पडदा रस्त्यावर वेगळाच वागतो.