पोटातले जंत आणि झोपेतले दात

उन्हाळ्यात आमच्या यवतमाळकडच्या गावात अजूनही अंगणात बाजा टाकतात. मध्यरात्री एखाद्या बाजेवरून करकर आवाज येतो, अडकित्त्यात सुपारी दाबल्यासारखा. आजी पडल्या पडल्याच म्हणते, "पोट्टं झोपीत दातं खाते. पोटात जंत झाले असतीन." दुसऱ्या दिवशी आई अंगणवाडीत गोळी मागते. गोळी द्यावीच, जंत लेकराचं रक्त आणि वाढ दोन्ही खातात. पण जंतांमुळे दात खाल्ले जातात, याला पक्का पुरावा नाही.

आवाज तोंडातून येत असला तरी सुरुवात मेंदूत होते. निरोगी माणसाचीही झोप रात्रभर एकसारखी गाढ नसते. तासातून कितीतरी वेळा ती 3 ते 15 सेकंद पातळ होते आणि माणूस पुन्हा खोल जातो, सकाळी त्याला काही आठवत नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधले संशोधक जिल लाविन्य यांच्या गटाने झोपेच्या प्रयोगशाळेत पाहिलं, ते याच क्षणांचं आहे. आधी मेंदूच्या लहरी वेगवान होतात, हृदयाचे ठोके वाढतात, मग गालाचे आणि कानशिलाचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा या लयीत आवळू लागतात. दातांवर दात घासतात ते सगळ्यात शेवटी. दात न खाणाऱ्यांतही सुमारे 60 टक्के लोकांचा जबडा झोपेत असा हलतो, फक्त आवाज होत नाही. त्यामुळे वाकडे दात कानशीने घासून सारखे केले की सवय जाईल, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे.

मग काहींचा जबडा इतका जोरात का चालतो? थोडं आनुवंशिक असतं. मनावरचा ताण झोप पातळ करतो. कर्जाचा हप्ता आणि कापसाचा भाव डोक्यात घेऊन झोपणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दारू, रात्रीचा कडक चहा आणि तंबाखू यांचाही हात आहे. आपल्याकडे खर्रा आहे, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण, म्हणून मी इथे थोडा थांबतो. निकोटीन मेंदूला जागं ठेवतं, आणि दिवसभर सुपारी चघळून तेच स्नायू आधीच दमलेले असतात. शिवाय खर्रा दात झिजवतो तो वेगळाच. तोंड उघडताना ताणल्यासारखं वाटू लागलं, तिखट झोंबू लागलं, तर ते दात खाण्याचं लक्षण समजून घरी बसू नका. सुपारीने गालाच्या आत येणारा तो कडकपणा पुढे कर्करोगाकडे नेऊ शकतो.

दाताचं वरचं कवच, इनॅमल, शरीरातला सर्वात कठीण पदार्थ आहे, पण एकदा झिजलं की परत येत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे काहींचं इनॅमल मुळातच ठिसूळ असतं. तिथे ही घासणी अधिक महागात पडते.

लहान मुलांत हे फार आढळतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप सुटतं. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर मात्र टॉन्सिल दाखवून घ्या. मोठ्या माणसाचं घोरताना श्वास अडकत असेल तर तोही आधी तपासावा. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं. गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावं. दातांचे डॉक्टर माप घेऊन रात्री दातांवर घालायची कडक टोपी बनवून देतात. ती सवय मोडत नाही, झीज स्वतःवर घेते.

दिवसा दात आवळणं ही निराळी गोष्ट, आणि ती आपल्या हातात आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेतल्यावर किंवा कापसाचं गाठोडं उचलताना लक्ष द्या: ओठ मिटलेले असावेत, दात मात्र सुटे.

दात खाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माझ्या काकांना सकाळी कानशील दुखायचं, थंड पाणी दाताला झिणझिणायचं, आणि ते मान्यच करत नव्हते. शेवटी काकूंनी एका रात्री उशाजवळ मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि तोच दवाखान्यात ऐकवला.