ठिपक्यांची ती चित्रं ४० हजार वर्षं जुनी नाहीत

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची पेंटिंग्ज बघितली की कोणीतरी लिहितंच, ही ४० हजार वर्षांपूर्वीची डॉट पेंटिंगची कला. तसं नाहीये. बोर्डवर, कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक रंगांनी काढणं सुरू झालं १९७१ च्या सुमारास, मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या पश्चिमेला, पापुन्या गावात. जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक तिथे होते आणि गावातल्या मोठ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची, म्हणजे पोटात मध साठवणाऱ्या मुंगीची पूर्वजकथा रंगवली, मग १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःची कंपनीच काढली.

जुनं काय आहे मग? आकृत्या. त्या आधी वाळूवर, अंगावर, खडकांवर काढायचे. एकात एक वर्तुळं म्हणजे बऱ्याचदा पाणवठा किंवा मुक्कामाची जागा, इंग्रजी यू सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. आणि ठिपके नुसती सजावट नाही हो, बाहेरच्यांनी बघू नये अशा पवित्र खुणा झाकायलाही ते वापरले गेले.

दुसरं म्हणजे ही चित्रं जागांची असतात, आणि कोणीही कुठल्याही जागेचं चित्र काढू शकत नाही, त्या जमिनीशी पूर्वजांकडून आलेलं नातं आणि हक्क लागतो. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती न्गुरारा कॅनव्हासची. १९९७ मध्ये ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी जमिनीच्या दाव्यासाठी ८ बाय १० मीटरचं चित्र काढलं, आणि दावा ऐकणाऱ्या ट्रिब्युनलसमोर एकेक जण त्यातल्या आपापल्या जागेवर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला.