नायगाव नेमकं कुठलं?

सावित्रीबाई फुल्यांचा जन्म १८३१ साली नायगावला झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. नॉलेज ग्राफ म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातली नाती नोंदवलेलं माहितीचं जाळं. त्याच्या आमच्या प्रात्यक्षिकात एका विद्यार्थिनीने हेच कॉम्प्युटरला सांगायचं ठरवलं. 'जन्मस्थान' या चौकटीत तिने नायगाव लिहिलं, खाली आलेल्या यादीतलं पहिलं नाव निवडलं आणि नकाशा उघडला. टाचणी लागली होती वसईच्या खाडीजवळ, पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्टेशनाशी.

सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. आणखी एक नायगाव नांदेड जिल्ह्यात आहे, तिथे तालुक्याचं ठिकाणच त्या नावाचं आहे. दादरच्या बाजूला बीडीडी चाळींचं नायगाव आहे ते वेगळंच. आपण 'सावित्रीबाई' हा शब्द वाचतो तेव्हाच मनात सातारा येतो, म्हणून आपला गोंधळ होत नाही. यंत्रासमोर मात्र ना-य-गा-व एवढी चार अक्षरं असतात, त्यापलीकडे काही नाही.

अक्षरांच्या मागची वस्तू ओळखायची, तिला स्वतःची ओळख द्यायची आणि दुसऱ्या वस्तूशी तिचं नातं नोंदवायचं, हा या विषयाचा गाभा. गूगलने मे २०१२ मध्ये आपला नॉलेज ग्राफ जाहीर केला तेव्हा घोषवाक्यच होतं, 'थिंग्ज, नॉट स्ट्रिंग्ज'. त्याच वर्षी ऑक्टोबरात विकिडेटा हा माहितीचा खुला साठा सुरू झाला. तो कुणालाही वापरता येतो, कुणालाही दुरुस्त करता येतो. तिथे प्रत्येक गोष्टीला क्रमांक असतो. पुणे म्हणजे क्यू१५३८. मग तुम्ही पुणे म्हणा, पूना म्हणा किंवा जपानी लिपीत लिहा, क्रमांक बदलत नाही. आज तिथे अशा दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत.

नोंदीची रचना अगदी साधी, तीन तुकड्यांची. सावित्रीबाई फुले, जन्मस्थान, नायगाव. दोन टोकांना दोन वस्तू आणि मध्ये त्यांना जोडणारं नातं. या त्रिकुटांची 'आरडीएफ' नावाची प्रमाण पद्धत १९९९ साली ठरली. त्यांना प्रश्न विचारायची भाषा स्पार्कल. तिच्यात जे माहीत नाही त्याच्या आधी प्रश्नचिन्ह लावायचं:

?व्यक्ती, जन्मस्थान, ?गाव
?गाव, जिल्हा, सातारा

दोन्ही ओळींतलं गाव एकच असलं पाहिजे, एवढी एक अट. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या, नोंद असलेल्या सगळ्या माणसांची यादी क्षणात समोर येते. आणि टाचणी वसईला लागली असेल, तर सावित्रीबाई त्या यादीत नसतात. एका चुकीच्या जोडणीची किंमत विद्यार्थ्यांना इथे पहिल्यांदा कळते.

नात्यांचे गुणधर्म शिकवायला मी मराठी घरातली नाती घेतो, कारण त्याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की काका की मामा ते कळत नाही. मराठीत नियम नावातच बसलेला आहे: आईचा भाऊ तो मामा. ग्राफमध्ये 'आई' आणि 'भाऊ' या दोन जोडण्या असल्या, की मामा लिहून ठेवावा लागत नाही, यंत्र तो स्वतः काढतं. साडू हे नातं दोन्हीकडून सारखं. मी तुमचा साडू तर तुम्ही माझे साडू. विहिणींचंही तसंच. नणंद मात्र उलटी केली की भावजय होते. पूर्वज हे नातं साखळीने पुढे जातं, पूर्वजाचा पूर्वज हाही पूर्वजच.

मग मी विचारतो, जाऊ या नात्याचं काय? वर्ग लगेच सांगतो, दोन्हीकडून सारखं. बरोबर. आणि साखळीने पुढे जातं का? तीन भावांच्या तीन बायका एकमेकींच्या जावा, म्हणजे जातं. दोन्ही नियम लिहून यंत्र चालवलं, की ते उत्तर देतं: सुमन ही सुमनची जाऊ आहे. कारण सुमन कमलची जाऊ, कमल सुमनची जाऊ, आणि साखळी जोडली की सुमन स्वतःपाशीच परत येते. यंत्राचं काही चुकलेलं नसतं, आपल्या नियमात 'दोघी वेगळ्या हव्यात' ही अट राहून गेलेली असते. आपल्याला ती कधी बोलून दाखवावी लागली नव्हती, एवढंच. अभ्यासक्रमात वस्तू आणि नात्यांचे असे नियम काटेकोर लिहिण्याला ऑन्टॉलॉजी असं भारदस्त नाव आहे आणि मुलं त्या नावाला घाबरतात. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. सॉफ्टवेअर दर पाच वर्षांनी बदलतं. न बोललेली अट शोधायची सवय एकदा लागली की लागली.

दुसरी सवय नोंद नसण्याचा अर्थ लावायची. बँकेच्या खात्यात व्यवहार दिसत नाही म्हणजे तो झालाच नाही. नॉलेज ग्राफमध्ये असं मानता येत नाही. एखाद्या लेखिकेच्या नावापुढे एकही पुस्तक नसेल, तर तिने लिहिलं नाही असं नव्हे, कुणी नोंदवलं नाही एवढंच म्हणता येतं.

आता हे सगळं कशासाठी, तर त्यासाठी डॉन स्वॉन्सन यांची गोष्ट सांगायलाच हवी. ते शिकागो विद्यापीठात माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉक्टर नव्हते, प्रयोगशाळाही नव्हती. ते वाचत होते. रेनोच्या विकारात थंडी लागली की बोटांचा रक्तपुरवठा आकसतो, बोटं पांढरी पडतात. त्यावरच्या शोधनिबंधांत लिहिलेलं होतं, की अशा रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चटकन एकमेकींना चिकटतात. माशाच्या तेलावरचे निबंध वेगळेच, वेगळ्या लोकांनी लिहिलेले. त्यांत होतं, की या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, बिंबिकांचं चिकटणं कमी होतं. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे निबंध वाचतही नव्हते आणि त्यांचा उल्लेखही करत नव्हते. स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये ही दोन टोकं जोडली आणि माशाचं तेल रेनोच्या रुग्णांना उपयोगी पडेल असं लिहिलं. १९८९ मध्ये छोटी वैद्यकीय चाचणी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या कुठल्या आजाराविना रेनोचा त्रास असलेल्या रुग्णांना तेलाचा फायदा दिसला. ज्यांना तो दुसऱ्या आजारामुळे झाला होता, त्यांना दिसला नाही.

दोन त्रिकुटं, मधला दुवा एक. उत्तर ग्रंथालयात छापलेलं पडून होतं, फक्त दोन वेगळ्या कपाटांत.

स्वॉन्सन यांनी हे वाचून वाचून केलं. २०१७ मध्ये डॅनियल हिमलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी याच वाटेवरचा हेटिओनेट हा ग्राफ प्रसिद्ध केला. त्यात औषधं, आजार, जनुकं, दुष्परिणाम अशा ४७ हजार वस्तू आणि त्यांच्यामधली साडेबावीस लाख नाती आहेत. जुनं औषध नव्या आजारावर चालेल का, याचा अंदाज औषधापासून आजारापर्यंतच्या वाटा तपासून बांधायचा. तो अंदाजच असतो, पुढे चाचणी करावीच लागते. पण हजारो शक्यतांतून आधी कुठली तपासावी हे कळणं म्हणजे अर्धं काम झालं.

नातं कुठे राहून गेलंय हे ओळखायची आणखी एक रीत आहे, २०१३ साली आलेली ट्रान्स-ई. प्रत्येक वस्तूला एका काल्पनिक नकाशात जागा द्यायची आणि नातं म्हणजे ठरावीक दिशेने ठरावीक अंतर चालणं असं मानायचं. फ्रान्सपासून 'राजधानी' एवढं चाललं की पॅरिस यावं, जपानपासून तेवढंच चाललं की टोकियो. कल्पना मोहक आहे. पण महाराष्ट्रापासून 'जिल्हा' एवढं चालायला सांगा. एका वेळी छत्तीस ठिकाणी पोचायचं कसं? या एका अडचणीने पुढची कित्येक वर्षं संशोधकांना काम दिलं.

मराठीत या कामाची पायवाट पूर्वीच पडलेली आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'मराठी शब्दबंध' शब्दांऐवजी अर्थ जोडतो. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, विड्याचं पान आणि पंगतीत वाढलेलं पान यांना वेगवेगळ्या जागा द्याव्या लागतात, मगच यंत्राला 'पानं वाढा' याचा अर्थ लागायची आशा. ज्याला या विषयात शिरायचंय त्याने शब्दबंध चाळावा, विकिडेटावर दहा नोंदी स्वतःच्या हाताने कराव्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये नॉलेज ग्राफवरची व्याख्यानमाला सर्वांसाठी खुली ठेवली होती, तीही ऐकण्यासारखी आहे. पण आधी नोंदी.

आमच्या विद्यार्थिनीने टाचणी उचलून खंडाळा तालुक्यात नेली. नायगावाच्या पुढे जिल्हा सातारा, त्यापुढे राज्य महाराष्ट्र अशी साखळी नीट लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, महाराष्ट्र राज्य स्थापन झालं १ मे १९६० ला, मग १८३१ मध्ये त्यांचा जन्म महाराष्ट्र राज्यात कसा? त्रिकुटावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा लावायची सोय असते, ती मी दाखवली. राज्याच्या जोडणीवर तिने १९६० पासून असं लिहिलं. त्याआधीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. त्या भरायला तिने ग्रंथालयातून साताऱ्याचं जुनं गॅझेटिअर मागवलं आहे.