हसू सगळ्यांचं लागत नाही

साताऱ्यात लग्नघरी अजून ऐकू येतं, ‘स्माइल मोड लाव, सगळे हसल्याशिवाय फोटो निघतच नाही.’ चूक. सोनीने २००७ मध्ये आपल्या सायबर-शॉट कॅमेऱ्यांमध्ये हसू दिसताच आपोआप फोटो काढणारं ‘स्माइल शटर’ आणलं. त्यात ओळखलेल्या चेहऱ्यांपैकी एक हसला तरी क्लिक होतं. मागे मावशी जांभई देत असली तरी!

कॅमेरा आधी चेहरा शोधतो, मग ओठांचे कोपरे वर गेले का, दात दिसतात का, असल्या खुणा पाहतो. मनातला आनंद त्याला काय कळणार? म्हणून खोटं ‘ईऽऽ’ खपतं. उलट अजिंक्यताऱ्यावर आजोबा झुपकेदार मिशांआड मनापासून हसत होते आणि कॅमेरा ढिम्म. शेवटी सेटिंगमध्ये हलकं हसूही चालेल असं केलं, तेव्हा कुठे फोटो निघाला.