नोकरी सांभाळून बीएसएन : ऑनलाइन अभ्यासक्रमाचा खरा खर्च कसा काढावा

अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत, परवानाधारक परिचारिका) म्हणून काम करत असलेल्या आणि आता बीएसएन (नर्सिंगची पदवी) पूर्ण करू इच्छिणाऱ्या परिचारिकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकजणी भारतात जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून, एनक्लेक्स (अमेरिकेतील नर्सिंग परवान्याची परीक्षा) उत्तीर्ण होऊन इकडे आलेल्या असतात. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "सर्वांत स्वस्त कॉलेज कोणते?" या प्रश्नाचे उत्तर प्रति क्रेडिट (अभ्यास मोजण्याचे एकक) दराच्या तक्त्यात सापडत नाही, कारण तुमच्या आधीच्या शिक्षणातील किती क्रेडिट्स ते महाविद्यालय स्वीकारते यावर एकूण खर्च अवलंबून असतो.

पदवीसाठी साधारणपणे १२० क्रेडिट्स लागतात. समजा, एका महाविद्यालयाचा दर प्रति क्रेडिट १८० डॉलर आहे, पण तुमचे जुने शिक्षण मोजून ते ६२ क्रेडिट्स शिल्लक दाखवते. दुसऱ्याचा दर २५० डॉलर आहे आणि तिथे केवळ ३६ क्रेडिट्स शिल्लक राहतात. पहिल्या ठिकाणी ११,१६० डॉलर लागतील आणि दुसऱ्या ठिकाणी ९,००० डॉलर. शिवाय पहिल्या ठिकाणी अभ्यासाचे महिनेही वाढतील. म्हणून आमचा आग्रह असा, की शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी कोणती क्रेडिट्स मान्य झाली आणि कोणते विषय उरले हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. प्रवेश विभागाने फोनवर दिलेले "बहुतेक होऊन जाईल" हे आश्वासन हिशेबात धरू नये. त्याच कागदात तंत्रज्ञान शुल्क, पदवीदान शुल्क आणि पुस्तकांचा खर्चही विचारून लिहून घ्यावा.

जीएनएमची गुणपत्रिका अमेरिकेतील महाविद्यालय थेट वाचत नाही. परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून प्रत्येक विषयाचे तास, क्रेडिट आणि श्रेणी दाखवणारा अहवाल करून घ्यावा लागतो. परवान्यासाठी किंवा व्हिसासाठी पूर्वी केलेला अहवाल इथे चालेलच असे नाही, त्यामुळे महाविद्यालय कोणत्या संस्थेचा अहवाल स्वीकारते हे आधी विचारावे आणि मगच पैसे भरावेत. अडचण बहुधा मूळ कागदातच असते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांचे तास एकाच ओळीत एकत्र लिहिलेले असतील, तर मूल्यमापन करणाऱ्याला प्रत्येक विषयाला स्वतंत्र क्रेडिट देता येत नाही आणि जो विषय तुम्ही वर्षभर शिकलात, परीक्षेत लिहिलात, तोच पुन्हा पैसे भरून शिकावा लागतो. आपल्या नर्सिंग स्कूलकडून विषयवार तासांचे प्रमाणपत्र मागवण्याचे पत्र आम्ही तयार करून देतो. ते हाती यायला महिने लागू शकतात, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करावे.

इंग्रजी लेखन, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र हे सामान्य विषय उरले असतील, तर सीएलईपीची (वर्गात न बसता केवळ परीक्षेवर क्रेडिट मिळवून देणारी) परीक्षा देऊन ते कमी खर्चात सुटू शकतात. संख्याशास्त्र मात्र सीएलईपीमध्ये नाही. कोणत्या विषयाला किती क्रेडिट मिळेल हे महाविद्यालयच ठरवते, तेव्हा परीक्षेचा अर्ज करण्यापूर्वी त्यांना विचारावे.

मान्यतेच्या बाबतीत तडजोड करू नये. नर्सिंग अभ्यासक्रमाला सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए यांपैकी एका संस्थेची मान्यता असावी आणि ती त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत पाहावी. महाविद्यालयाच्या जाहिरातीतील बोधचिन्ह पुरेसे नाही. पुढे एमएसएन (नर्सिंगची पदव्युत्तर पदवी) किंवा नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून उपचार ठरवणारी परिचारिका) होण्याचा विचार असेल, तर मान्यता नसलेली पदवी प्रवेशाच्या वेळीच आडवी येते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी 'ऑपरेशन नाइटिंगेल'मध्ये फ्लोरिडातील तीन नर्सिंग स्कूल्सच्या नावाने विकली गेलेली ७,६०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे उघडकीस आणली. फारच कमी वेळात आणि फारच कमी पैशांत पदवी देऊ करणाऱ्यांपासून दूर राहावे. तुम्ही ज्या राज्यात राहता, तेथील विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची परवानगी त्या महाविद्यालयाला आहे का, हेही एका ईमेलने विचारून घ्यावे.

पैसा कुठून आणायचा, यासाठी आधी आपल्या रुग्णालयाचा मनुष्यबळ विभाग गाठावा. नोकरी देणाऱ्याने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असू शकते. मात्र अनेक ठिकाणी ही रक्कम विषय पूर्ण होऊन ठरावीक श्रेणी मिळाल्यावर परत मिळते, म्हणजे आधी पैसे तुमच्या खिशातून जातात, आणि त्यानंतर एक-दोन वर्षे तिथेच नोकरी करण्याची अट असू शकते. मधेच नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, ते सही करण्यापूर्वी वाचावे. ग्रीन कार्ड असेल तर एफएएफएसए (शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा) अर्ज अवश्य भरावा. एच-१बी व्हिसावर ही सरकारी मदत मिळत नाही. ज्यांच्याकडे आधीच कोणत्याही विषयाची पदवी आहे, त्यांना पेल अनुदान (परत न करावी लागणारी सरकारी मदत) मिळत नाही, आणि भारतातील बी.ए. किंवा बी.कॉम.ही त्यात सहसा धरले जाते. स्वतः शुल्क भरणाऱ्यांनी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या करसवलतीविषयी आपल्या कर सल्लागाराला विचारावे. त्याची वार्षिक मर्यादा २,००० डॉलर आहे.

सहा महिन्यांचे ठरावीक शुल्क भरून त्या काळात झेपतील तेवढे विषय पूर्ण करू देणारे अभ्यासक्रमही आहेत. वेगाने अभ्यास करणाऱ्यांना ते खरोखर स्वस्त पडतात, पण सत्र रेंगाळले की पुढच्या सहा महिन्यांचे पूर्ण शुल्क पुन्हा लागते. लहान मूल घरी असताना आणि रात्रपाळ्या चालू असताना हा मार्ग आम्ही सहसा सुचवत नाही.

वेळेचा हिशेब तर पैशाच्या हिशेबाइतकाच कडक करावा. तीन क्रेडिट्सच्या विषयाला साधारण १३५ तास लागतात असे धरले जाते. तोच विषय आठ आठवड्यांत बसवला की आठवड्याला सुमारे १७ तास होतात. शनिवारी संध्याकाळी सातला कामावर गेलेली परिचारिका रविवारी सकाळी आठला घरी येते, दुपारपर्यंत झोपते, आणि त्याच रात्री ११:५९ ला निबंध पाठवायचा असतो, तोही महाविद्यालयाच्या घड्याळाप्रमाणे. कॅलिफोर्नियात राहून न्यूयॉर्कच्या महाविद्यालयात शिकणारीच्या घरी तेव्हा ८:५९ वाजलेले असतात. पहिल्या सत्रात एकच विषय घ्यावा, आणि तोही संख्याशास्त्र नसावा, असे आमचे मत आहे. सरकारी कर्ज घेणाऱ्यांनी मात्र सत्रात किमान सहा क्रेडिट्सची अट लागते का, हे पाहूनच विषयांची संख्या ठरवावी.

'ऑनलाइन' म्हटले तरी काही अभ्यासक्रमांत समाज-आरोग्याचे प्रत्यक्ष तास असतात आणि त्यासाठीचा मार्गदर्शक शोधण्याचे काम कधी कधी विद्यार्थिनीवरच टाकले जाते. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचे प्रमाणपत्र हवे असेल, तर त्यासाठी असे ९० तास लागतात. म्हणून तिथे राहणाऱ्यांनी प्रवेशापूर्वीच त्याची खातरी करावी.

न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०१७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार नव्याने परवाना घेणाऱ्या आरएनला दहा वर्षांत नर्सिंगची पदवी घ्यावी लागते. आधीपासून परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. तुम्ही कोणत्या गटात येता, ते परवान्याच्या तारखेवरून पाहावे.

पहिल्या भेटीला येताना जीएनएमची सर्व वर्षांची गुणपत्रके, परवान्याची प्रत, यापूर्वी केलेला मूल्यमापन अहवाल असल्यास तो, रुग्णालयाच्या शिक्षण-मदत धोरणाची प्रत आणि पुढील तीन महिन्यांचे शिफ्टचे वेळापत्रक सोबत आणावे. आम्ही कोणत्याही महाविद्यालयाकडून दलाली घेत नाही; आमचे सल्ला शुल्क भेटीपूर्वी लेखी कळवले जाते.