अँकर: इतरांच्या फोनवर वाढलेली कंपनी

१२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अँकर या चिनी कंपनीच्या ‘पॉवरकोअर १००००’ या पॉवर बँका परत मागवल्या जात असल्याचे जाहीर केले. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे ११ लाख ५८ हजार होती. आग लागल्याच्या किंवा स्फोट झाल्याच्या १९ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, दोघांना किरकोळ भाजले होते आणि मालमत्तेचे नुकसान ६०,७०० डॉलरहून अधिक होते. आठ दिवसांनी कंपनीने चीनमध्येही सात मॉडेलच्या ७ लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्या आणि महिनाअखेरीस ही कारवाई इतर देशांपर्यंत पोहोचली. ज्या कंपनीचा जन्मच ‘खात्रीची बॅटरी’ विकण्यासाठी झाला, तिच्यावर नेमकी बॅटरीमुळेच ही वेळ का आली, हे समजून घेण्यासाठी चौदा वर्षे मागे जावे लागते.

तत्पूर्वी एक खुलासा केलेला बरा. अँकर म्हटले की मराठी घरात भिंतीवरचा विजेचा स्विच आठवतो. ती मुंबईची कंपनी वेगळी. तिचा ८० टक्के हिस्सा २००७ मध्ये जपानच्या मात्सुशिता समूहाने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने घेतला. या लेखातल्या अँकरचे स्पेलिंग निराळे आहे आणि तो जर्मन शब्द आहे. अर्थ मात्र दोन्हींचा एकच, जहाजाचा नांगर.

चिनी अँकरचे संस्थापक यांग मेंग, ज्यांना पाश्चात्त्य जग स्टीव्हन यांग म्हणून ओळखते, मूळचे हुनान प्रांतातल्या चांग्शा शहराचे. पेकिंग विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतल्यावर ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात शिकले आणि पुढे कॅलिफोर्नियात गुगलमध्ये अभियंता म्हणून रुजू झाले. व्यापार त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हता. पण लॅपटॉपची बॅटरी बदलायची वेळ आली, तेव्हा अ‍ॅमेझॉनवर त्यांना दोनच पर्याय दिसले. एक, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची अस्सल पण बेसुमार महाग बॅटरी. दुसरा, नाव-गाव नसलेल्या विक्रेत्याची स्वस्त बॅटरी, जिला अभिप्राय नव्हते आणि असलेच तर वाईट होते. मधली जागा रिकामी होती. ती भरायची म्हणून यांग यांनी २०११ मध्ये गुगल सोडले आणि त्याच वर्षाअखेर कंपनीची चांग्शामध्ये नोंदणी झाली. २०१२ मध्ये गुगलच्या चीनमधील विक्री विभागातले वरिष्ठ अधिकारी झाओ डोंगपिंग येऊन मिळाले. एकाने वस्तूकडे पाहायचे आणि दुसऱ्याने विक्रीकडे, अशी ती वाटणी दिसते.

हे धाडस पाच-सात वर्षांपूर्वी शक्य झाले नसते. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांसाठी आपली गोदामे आणि पोहोचवण्याची यंत्रणा खुली केली. विक्रेत्याने माल अ‍ॅमेझॉनच्या गोदामात टाकायचा. पुढचे पॅकिंग, पाठवणी आणि परत आलेला माल, सगळे अ‍ॅमेझॉनने बघायचे. त्यामुळे अमेरिकेत एकही दुकान किंवा वितरक नसलेल्या माणसाला अमेरिकेतल्या घराघरात दोन दिवसांत वस्तू पोहोचवता येऊ लागली. उत्पादनाची बाजू शेन्झेनने सांभाळली. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालेल्या या शहराच्या आसपास बॅटरी, सर्किट, प्लॅस्टिकचे साचे आणि जुळणी यांचे कारखाने एकमेकांना लागून उभे होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरलेल्या वाचकाने तो रस्ता कित्येक पटींनी मोठा करून, प्रत्येक दुकानामागे कारखाना कल्पावा, म्हणजे तिथल्या हुआचियांगबेई बाजाराचा अंदाज येईल. यांग शेन्झेनला आले, पण त्यांनी स्वतःचा कारखाना मात्र काढला नाही. आराखडा, चाचणी आणि नाव आपले; प्रत्यक्ष बनवण्याचे काम कंत्राटी कारखान्यांचे; सेल, म्हणजे बॅटरीच्या आतले विद्युतघट, पुरवठादारांचे. २०२५ चे संकट ज्या फटीतून आत आले, ती फट या पहिल्याच रचनेत होती, असे आता मागे वळून पाहताना म्हणता येते. त्या वेळी मात्र नवख्या कंपनीला दुसरा मार्ग परवडण्यासारखा नव्हता.

लॅपटॉपच्या बॅटरीचा धंदा फार मोठा होण्याजोगा नव्हता. प्रत्येक लॅपटॉपची बॅटरी वेगळ्या आकाराची, म्हणजे एकेका मॉडेलसाठी वेगळा साठा करणे आले. स्मार्टफोनने हा प्रश्न सोडवला. आयफोनची बॅटरी पहिल्यापासूनच काढता न येणारी होती आणि सॅमसंगनेही २०१५ मध्ये गॅलेक्सी एस६ पासून आपल्या प्रमुख फोनचे मागचे झाकण बंद केले. खिशात जास्तीची बॅटरी ठेवण्याची सोय संपली आणि जो-तो दुपारनंतर भिंतीवरचा प्लग शोधू लागला. पॉवर बँक ही त्या अडचणीवरची तोड होती आणि तिचे मोठे बलस्थान असे की ती कोणत्याही फोनला चालत असे. आत बहुधा लॅपटॉपच्या बॅटरीतलेच दंडगोल सेल असत, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. अँकरला या सेलची ओळख आधीपासून होती.

‘कोणत्याही फोनला चालते’ हे म्हणणे मात्र तितकेसे खरे नव्हते. जुन्या यूएसबी पोर्टमधून ठरलेला विद्युतप्रवाह अर्ध्या अँपिअरचा. त्याहून अधिक खेचायचा तर फोन आधी केबलमधल्या माहितीच्या दोन तारा तपासून समोर कोणता चार्जर आहे ते ओळखत असे. या ओळखीची खूण प्रत्येकाची निराळी होती. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असायला हव्यात. अ‍ॅपलचा फोन त्या तारांवर ठरावीक व्होल्टेज शोधत असे. सॅमसंगच्या काही उपकरणांची तऱ्हा तिसरीच. परिणामी एका कंपनीच्या चार्जरवर दुसऱ्या कंपनीचा फोन रात्रभर रखडत चार्ज होई. अँकरने आपल्या चार्जरमध्ये आणि पॉवर बँकेत ‘पॉवरआयक्यू’ नावाची योजना आणली. त्यात पोर्टमागची छोटी चिप जोडलेल्या उपकरणाची खूण ओळखून त्याला हवे तसे उत्तर देते. शोध म्हणून यात फार मोठे काही नव्हते. पण घरात आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही असणाऱ्या कुटुंबाची रोजची कटकट त्यामुळे मिटली, आणि अशी कटकट कुठे आहे हे हेरणे हेच अँकरचे खरे कसब होते.

ते कसब अभिप्राय वाचण्यातून आले. अ‍ॅमेझॉनवर पाच ताऱ्यांऐवजी एक तारा देणारा ग्राहक बहुधा कारणही लिहितो: केबल टोकापाशी तुटली, चार्जर गरम होतो, पिन सैल आहे. अँकरने या मजकुराला उत्पादन विभागाच्या कामाचा आरंभबिंदू केले. प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूवरील तक्रारीही तितक्याच मन लावून वाचल्या जात. केबल टोकापाशीच तुटते हे कळल्यावर टोकाची बळकटी वाढवलेली, अधिक चिवट धाग्यांची ‘पॉवरलाइन’ केबल आली. दुकानदारामार्फत विकणाऱ्या जुन्या कंपन्यांना हे ऐकू येत नव्हते असे नाही. पण ते वितरक, दुकान, विक्री विभाग अशा पायऱ्या चढत सहा महिन्यांनी पोहोचत असे.

या व्यवसायात चूक किती सूक्ष्म असू शकते, हे २०१५-१६ मधल्या यूएसबी-सी केबलच्या प्रकरणात दिसले. गुगलचे अभियंते बेन्सन लियुंग यांनी अ‍ॅमेझॉनवरच्या केबली एकेक करून विकत घेऊन तपासल्या. जुन्या पोर्टला नवा फोन जोडणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक (विद्युतप्रवाहाला अडवणारा छोटा घटक) हवा, म्हणजे फोन मर्यादेत वीज खेचतो. अनेक उत्पादकांनी तिथे १० किलोओहमचा बसवला होता. त्यामुळे फोनला समोर तीन अँपिअर उपलब्ध आहेत असे वाटे आणि तो जुन्या पोर्टवर झेपणार नाही इतका भार टाके. सदोष जोडणीच्या एका केबलने लियुंग यांचा स्वतःचा संगणक निकामी केला. मार्च २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या अशा केबलींवर बंदी घातली. त्याच सुमारास अँकरनेही आपली एक यूएसबी-सी केबल परत मागवली. नामुष्की टाळण्यासाठी गप्प न बसता पैसे परत करण्याची ही रीत कंपनीला पुढे उपयोगी पडली.

मधल्या वर्षांत अँकरने अनेक नावांनी अनेक वस्तू काढल्या. झाडलोट करणारे यंत्र आणि घरातले सुरक्षा कॅमेरे ‘युफी’ या नावाने, इअरफोन आणि स्पीकर ‘साउंडकोअर’ या नावाने, छोटे प्रोजेक्टर ‘नेब्युला’ या नावाने. यांग या धोरणाला ‘उथळ समुद्र’ म्हणतात: फोन किंवा मोटारीसारख्या खोल पाण्यात मोठ्या कंपन्यांशी झुंजण्यापेक्षा मध्यम आकाराच्या पुष्कळ बाजारांत उतरावे. सगळे प्रयोग यशस्वी झाले नाहीत आणि २०२२ च्या सुमारास कंपनीने बरेच उत्पादनप्रकार गुंडाळले.

चार्जरच्या बाबतीत मात्र ऑक्टोबर २०१८ महत्त्वाचा ठरला. सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडचे घटक वापरलेला छोटा चार्जर अँकरने न्यूयॉर्कमध्ये सादर केला. या पदार्थाचे ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालू-बंद होतात आणि कमी उष्णता गमावतात; त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो आणि लॅपटॉपचा विटेएवढा चार्जर मुठीत मावतो. दोन वर्षांनी अ‍ॅपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. पर्यावरणाचे कारण पुढे करून घेतलेल्या त्या निर्णयाचा लाभ ज्यांना झाला, त्यांत अँकर बरीच पुढे होती. तिचा चिमुकला २० वॉटचा ‘नॅनो’ चार्जर लगेच बाजारात हजर होता.

त्याच २०२० च्या २४ ऑगस्टला अँकर शेन्झेनच्या चायनेक्स्ट शेअर बाजारात दाखल झाली. नोंदणीची नवी पद्धत लागू झाल्यावर पहिल्या दिवशी ज्या १८ कंपन्यांचे व्यवहार सुरू झाले, त्यांपैकी ती एक होती. समभागाची विक्री किंमत ६६.३२ युआन होती आणि कंपनीने सुमारे २७० कोटी युआन उभे केले. २०१९ ची तिची विक्री सुमारे ६६५ कोटी युआन होती आणि तिच्यातला दोन-तृतीयांश वाटा एकट्या अ‍ॅमेझॉनचा होता. फोन दुसऱ्याचा, कारखाना दुसऱ्याचा आणि दुकानही दुसऱ्याचे.

दुकान दुसऱ्याचे असण्याचा अर्थ मे २०२१ मध्ये शेन्झेनला कळला. ऑकी आणि एमपाऊ या अँकरच्या तोडीच्या चिनी नावांच्या वस्तू अ‍ॅमेझॉनवरून एकाएकी नाहीशा झाल्या. जूनमध्ये रॅव्हपॉवरची पाळी आली. खोक्यात भेटकार्ड ठेवून त्या बदल्यात चांगला अभिप्राय मागण्याचा प्रकार अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नव्हता. सप्टेंबरपर्यंत सुमारे ६०० चिनी नावांची ३,००० खाती बंद झाल्याचे अ‍ॅमेझॉनने सांगितले. या झाडाझडतीत अँकर टिकली. प्रतिस्पर्धी पांगल्यावर मोकळी झालेली जागा तिच्या वाट्याला आली, हे तिच्या पुढच्या वाढीच्या हिशेबात विसरले जाऊ नये. २०२४ मध्ये तिची विक्री सुमारे ४१ टक्क्यांनी वाढून २,४७१ कोटी युआनवर गेली.

विश्वासाला पहिला मोठा तडा बॅटरीमुळे गेला नव्हता. युफी कॅमेऱ्यांची चित्रे घरातल्या घरातच राहतात, असे कंपनी सांगत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरक्षा सल्लागार पॉल मूर यांनी दारावरच्या कॅमेऱ्याची लघुचित्रे कंपनीच्या सर्व्हरवर जात असल्याचे दाखवले. सुरुवातीला नकार, मग मौन आणि जानेवारी २०२३ मध्ये काही चित्रणे पूर्णपणे कूटबद्ध (इतरांना उलगडता न येणाऱ्या रूपात) नव्हती अशी कबुली, असा तो क्रम होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या तडजोडीत संबंधित वितरक कंपन्यांनी साडेचार लाख डॉलर भरले. केबलच्या वेळी दाखवलेला तत्पर प्रामाणिकपणा इथे दिसला नाही.

आणि मग बॅटरी. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला आग लागली, तेव्हा संशय पॉवर बँकेवर आला आणि सगळ्यांच्याच पॉवर बँकांकडे पाहण्याची नजर बदलली. १६ जूनला रोमॉस या दुसऱ्या चिनी कंपनीने सुमारे ४ लाख ९२ हजार पॉवर बँका परत मागवल्या आणि चार दिवसांनी अँकरने चीनमधली आपली घोषणा केली. एका पुरवठादाराने संमती न घेता सेलमधला कच्चा माल बदलला, असे तिचे म्हणणे होते. सेलमधल्या धन आणि ऋण पट्ट्या एका पातळ विलगक पडद्याने वेगळ्या ठेवलेल्या असतात. तो पडदा वारंवारच्या वापराने कमकुवत झाला तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. पडदा बदलला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. पॉवर बँक पहिली दोन वर्षे उत्तम चालते आणि त्या दोन वर्षांतले अभिप्राय पाच ताऱ्यांचे असतात. ग्राहकाचे म्हणणे वाचून वस्तू सुधारणाऱ्या कंपनीला हा दोष तिच्या नेहमीच्या वाटेने कळणे शक्यच नव्हते. तो कळायला सेल पुरवठादाराच्या कारखान्यात उभे राहून पाहावे लागते.

चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने २८ जूनपासून देशांतर्गत विमानांत ‘३सी’ या अनिवार्य प्रमाणपत्राचे स्पष्ट चिन्ह नसलेल्या, तसेच परत मागवलेल्या पॉवर बँका नेण्यास बंदी घातली. पॉवर बँकांना हे प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ पासूनच सक्तीचे झाले होते, त्यामुळे त्याआधी विकत घेतलेला प्रचंड साठा एका दिवसात विमानाबाहेर राहिला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अँकरच्या आणखी सुमारे ४ लाख ८१ हजार पॉवर बँका यादीत आल्या.

जूनच्या यादीतली पॉवर बँक अमेरिकेत जून २०१६ ते डिसेंबर २०२२ या काळात विकली गेली होती. ती परत करण्याची रीत अशी: ग्राहकाने तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने ‘परत मागवलेली’ असे इंग्रजीत लिहायचे, मॉडेल व अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र पाठवायचे आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यायची. मोबदल्यात नवी पॉवर बँक किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर वापरण्यासाठी ३० डॉलरचे भेटकार्ड, यांपैकी एक निवडायचे.