क्रिएटिनिनच्या एकाखाली काय दडलं?

“यादी संगणक लावतो, मग त्यात भेदभाव कसला?” अवयवदानाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. वशिला चालत नाही, पैसा चालत नाही, रक्ताच्या तपासणीतले आकडे ठरवतात. मला ही पद्धत मनापासून पटते. म्हणूनच तिच्यातली एक चूक सांगावीशी वाटते.

अमेरिकेत यकृत कोणाला आधी द्यायचं हे ठरवताना यादीत किती दिवस गेले यालाही वजन असे. फेब्रुवारी २००२ पासून त्या जागी ‘मेल्ड’ गुणांकन आलं. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य), रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर आणि क्रिएटिनिन या तीन आकड्यांवरून ६ ते ४० गुण. गुण जास्त म्हणजे तीन महिन्यांत मृत्यूचा धोका जास्त, म्हणून नंबर आधी. जो मरणाच्या अधिक जवळ, त्याला आधी. तत्त्व चोख आहे.

आता क्रिएटिनिन. यकृत क्रिएटिन बनवतं, ते स्नायूंत साठतं, तिथे झिजून त्याचं क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की रक्तात ते वाढतं. पण मुळात ते तयार किती होतं, हे स्नायूंवर अवलंबून. बायकांचे स्नायू सरासरीने कमी. त्यात सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याच्या आजारात, यकृत क्रिएटिन कमी बनवतं आणि स्नायूही आटतात. त्यामुळे मूत्रपिंडं निम्मी निकामी झालेल्या बाईचाही रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसू शकतो.

खरी गोम पुढे आहे. या सूत्रात क्रिएटिनिनचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन त्याला ९.५७ ने गुणत. एकाचा लॉग शून्य, एकापेक्षा लहान आकड्याचा उणे. गुण उणे होऊ नयेत म्हणून नियम केला: क्रिएटिनिन १ पेक्षा कमी असेल तर १ धरा. हिशेब करून पाहा. पुरुषाचं क्रिएटिनिन १ वरून २ झालं, तर २ चा लॉग ०.६९३, म्हणजे साधारण ६.६ गुण वाढले. बाईचं ०.५ वरून १ झालं, तर तेही दुप्पटच. ढोबळमानाने दोघांच्याही मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलं. तिला वाढीव गुण किती? शून्य. कारण तिचे ०.५ आधीच १ धरलेले होते!

नियम करणाऱ्यांच्या मनात बाई-पुरुष असं काही नव्हतं, त्यांना फक्त उणे आकडे टाळायचे होते. ‘अल्गोरिदम निःपक्षपातीच असतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. यादीवर असताना दगावण्याचं प्रमाण बायकांत जास्त राहिलं, त्यामागे हे एक कारण होतं. दुसरं शरीराच्या मापाचं: लहान चणीच्या बाईला मोठं यकृत बसत नाही.

अर्थात, यादी लागते ती अवयव कमी पडतात म्हणून. ‘या जन्मी अवयव दिला तर पुढच्या जन्मी त्याच्याविना जन्म येतो’ ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. तिला कसलाही आधार नाही, आणि तिच्यापायी माणसं मरतात.

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत ‘मेल्ड ३.०’ लागू झालं. त्यात अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन) आलं, क्रिएटिनिन जास्तीत जास्त किती धरायचं याची मर्यादा ४ वरून ३ झाली आणि स्त्री रुग्णांना १.३३ गुण जादा मिळू लागले. एकाची अट मात्र तशीच आहे. ०.५ चं १ झालं, तर त्या वाढीचे गुण आजही शून्यच.